सी ड्राइव्हला शर्यतीचा घोडा कशाला?

घरी असेंबल्ड पीसी करून घ्यायचा म्हटलं की मुंबईच्या लॅमिंग्टन रोडपासून तालुक्याच्या गावातल्या एकुलत्या एक कॉम्प्युटरच्या दुकानापर्यंत कोटेशनच्या कागदावर एक ओळ हमखास भेटते: ‘२५६ जीबी एनव्हीएमई + १ टीबी हार्ड डिस्क’. खिसा जरा जड असेल तर तीच ओळ ‘५०० जीबी जेन फोर, ७,००० एमबी स्पीड + २ टीबी हार्ड डिस्क’ अशी होते. या ओळीमागे एक सल्ला आहे, आणि तो इतक्यांनी इतक्या वेळा दिला आहे की आता त्याला कोणी कारण विचारत नाही. विंडोज ज्यावरून सुरू होतं तो बूट ड्राइव्ह लहान असला तरी चालेल, पण परवडेल तेवढा वेगवान एनव्हीएमई एसएसडी घ्यावा. बाकीचा पसारा हार्ड डिस्कवर टाकावा. माझं म्हणणं असं की हा सल्ला दोन्ही टोकांनी चुकलेला आहे. बूट ड्राइव्ह लहान असून चालत नाही, आणि ज्या वेगासाठी जादा पैसे मोजले जातात तो वेग बूट ड्राइव्हच्या वाट्याला जवळपास कधी येतच नाही. जिथे हात सैल सोडायचा तिथे तो आखडला जातो, आणि जिथे आखडायचा तिथे सुटतो.

खोक्यावरचा ७,००० चा आकडा खोटा नाही, हे आधीच मान्य करतो. सलग पडलेली एखादी अवाढव्य फाइल एका दमात वाचायला दिली तर चांगला जेन फोर ड्राइव्ह सेकंदाला तेवढे मेगाबाइट वाचून दाखवतो. पण विंडोज सुरू होताना असं सलग वाचन किती होतं? फार थोडं. त्या वेळी लागतात हजारो बारीक तुकडे: रजिस्ट्री, ड्रायव्हर, डीएलएल, फॉन्ट, सतराशे साठ सेटिंग. ते ड्राइव्हभर विखुरलेले असतात, बरेचसे चार-चार किलोबाइटांच्या मापाने उचलले जातात, आणि मुख्य म्हणजे पहिला हातात पडल्याशिवाय पुढचा कोणता मागायचा हे पुष्कळदा प्रोसेसरलाही ठाऊक नसतं. महिन्याचं वाणसामान एकदाच टेम्पोत भरून आणणं वेगळं, आणि फोडणी घालता घालता घरातल्या पोराला आधी मोहरीला, ती आली की जिऱ्याला, ते आलं की हिंगाला कोपऱ्यावरच्या दुकानात पिटाळणं वेगळं. दुसऱ्या प्रकारात पोरगं एका खेपेला किती वजन उचलतं याला काडीचाही अर्थ नाही. ते एका खेपेला किती वेळ लावतं एवढंच मोजायचं. खोक्यावर टेम्पोची क्षमता छापलेली असते. बूट ड्राइव्हचं काम खेपांचं असतं.

खेपांचा आकडाही कंपन्या देतात. फक्त तो खोक्यावर नसतो, स्पेसिफिकेशनच्या तक्त्यात खाली कुठेतरी असतो. एका वेळी एकच मागणी रांगेत असताना ४ केबीची किती वाचनं सेकंदाला होतात, ते तिथे लिहिलेलं असतं. मोजण्याच्या पद्धतीवरून वाद नको म्हणून एकाच कंपनीचे तीन ड्राइव्ह घेऊ. सॅमसंगचा, साटा या जुन्या जोडणीवर चालणारा ८७० इव्हो: सलग वाचन ५६० एमबी, एकेकटी वाचनं १३,०००. जेन थ्रीचा ९७० इव्हो प्लस: सलग ३,५००, एकेकटी १९,०००. जेन फोरचा ९९० प्रो: सलग ७,४५०, एकेकटी २२,०००. सलग वाचनात पहिल्यापेक्षा तिसरा तेरा पट पुढे. खेपांमध्ये पावणेदोन पटही नाही. आणि ज्या उडीसाठी कोटेशनमध्ये सर्वांत जास्त आग्रह होतो, जेन थ्रीवरून जेन फोरची, तिथे सलग वेग दुपटीहून वाढला असताना खेपा शेकडा सोळाने वाढल्या. २२,००० खेपा गुणिले चार किलोबाइट हा हिशेब करून पाहा. सेकंदाला नव्वद मेगाबाइट येतात. सात हजारांचा म्हणून विकत आणलेला ड्राइव्ह बूट ड्राइव्हच्या कामाला जुंपला की नव्वदीत खेळतो. एनव्हीएमईच्या ६५ हजार रांगांचं जे कौतुक सांगतात त्याचंही तेच. मोठ्या सर्व्हरला त्या लागतात. घरच्या पीसीत एका रांगेत दोन-चार माणसं उभी असली तरी गर्दी म्हणायची.

असं का होतं, तर पीसीआयई या जोडणीची प्रत्येक नवी पिढी, म्हणजेच जेन थ्री, जेन फोर, रस्ता रुंद करते. फ्लॅशची पेशी वाचायला लागणारा वेळ ती कमी करत नाही. सेकंदाला २२,००० म्हणजे एका खेपेला साधारण ४५ मायक्रोसेकंद, आणि त्यातला मोठा वाटा नॅन्ड फ्लॅशमधून मजकूर उचलण्यातच जातो. रस्ता चौपदरी करा नाहीतर आठपदरी, वाणी पुडी बांधायला जेवढा वेळ लावतो तेवढा लावणारच. याचा पुरावा उलट बाजूनेही मिळतो. इंटेलच्या ऑप्टेन ९०५पी या ड्राइव्हचा सलग वाचनाचा वेग अवघा २,६०० एमबी होता, आजच्या मध्यम ड्राइव्हपेक्षाही कमी. पण त्यातली मेमरी नॅन्ड नव्हती आणि एका वाचनाला तो दहा मायक्रोसेकंदांच्या आसपास वेळ घेई. खेपांच्या कामात सात हजारांचे आणि चौदा हजारांचे नॅन्ड ड्राइव्ह अजूनही त्याच्या जवळ फिरकत नाहीत. इंटेलने जुलै २०२२ मध्ये ऑप्टेनचा धंदा गुंडाळला. तो महाग होता आणि जागा कमी देत होता हे खरंच, पण जो बाजार खोक्यावरचा एकच आकडा वाचतो त्या बाजारात २,६०० लिहिलेलं खोकं विकणार तरी कसं?

मग हा समज आला कुठून? तो पोकळ नव्हता. एका काळी तो शंभर टक्के बरोबर होता. इंटेलने २००८ मध्ये एक्स२५-एम हा एसएसडी आणला तेव्हा ८० जीबीची घाऊक किंमत ५९५ डॉलर होती. एवढ्या भावाला कोणीही सगळा संसार एसएसडीवर मांडला नसता. विंडोज आणि दोन-चार मोठी सॉफ्टवेअर त्यावर, बाकी सारं हार्ड डिस्कवर, हीच शहाणपणाची वाटणी होती. आणि त्या लहानशा ड्राइव्हने जी करामत दाखवली तीही खरी होती. मिनिटाला ७,२०० फेरे घेणाऱ्या हार्ड डिस्कची तबकडी सरासरी अर्धा फेरा फिरेपर्यंत चार मिलिसेकंद जातात, डोकं योग्य पट्ट्यावर सरकायला आणखी आठ-नऊ. म्हणजे सेकंदाला जेमतेम ऐंशी खेपा. ऐंशीवरून तेरा हजारांवर गेलं की माणसाला चमत्कार वाटणारच, कारण तो दीडशे पटींहून मोठा फरक आहे. हा चमत्कार साध्या साटा एसएसडीनेच संपूर्ण घडवून टाकला. पुढच्या प्रत्येक पिढीने त्याच चमत्काराची आठवण विकली. ज्यांनी जुन्या पीसीत पहिला एसएसडी टाकून मिनिटभराचं बूटिंग पंधरा सेकंदांवर आलेलं पाहिलं, त्यांना पुढची उडीही तशीच असेल असं वाटलं, आणि विकणाऱ्याने ते वाटू दिलं.

बटण दाबल्यापासून डेस्कटॉप दिसेपर्यंतचा वेळ तरी सगळा ड्राइव्हच्या नावावर लिहायचा का? टास्क मॅनेजर उघडा, स्टार्टअपच्या पानावर उजव्या कोपऱ्यात वर ‘लास्ट बायोस टाइम’ म्हणून एक आकडा दिसेल. विंडोजच्या हाती कारभार येण्याआधी मदरबोर्डने स्वतःच्या तपासण्यांत किती सेकंद घालवले, ते तिथे लिहिलेलं असतं. पुष्कळ बोर्डांवर तो दहा-पंधरा सेकंदांचा असतो. डीडीआर५ रॅम घेणाऱ्या एएमडीच्या एएम५ बोर्डांवर, रॅमची जुळवाजुळव दर वेळी नव्याने होत असेल तर, तो अर्ध्या मिनिटावरही जातो. त्यावर उपाय बायोसमधलं मेमरी कॉन्टेक्स्ट रिस्टोर हे सेटिंग आहे, आणि त्याला एक रुपया पडत नाही. जगातला सर्वांत महाग ड्राइव्ह बसवला तरी या सेकंदांना तो हात लावू शकत नाही, कारण तोवर त्याला कोणी विचारलेलंच नसतं. पुढे विंडोजचा स्वतःचा भागही निव्वळ वाचनाचा नसतो: ड्रायव्हर तपासायचे, उपकरणं जागी करायची, अँटिव्हायरसने येणाऱ्या-जाणाऱ्याची झडती घ्यायची. हे प्रोसेसरचं काम.

आता लहान ड्राइव्हचं. २५६ जीबीचा ड्राइव्ह विंडोजमध्ये २३८ जीबी दिसतो, हे प्रत्येकाला पहिल्याच दिवशी कळतं. विंडोज आणि त्याची अपडेट ३०-४० जीबी घेऊन बसतात. हायबरनेशनची फाइल रॅमच्या चाळीस टक्क्यांपर्यंत असते. पेज फाइल वेगळी. अपडेटसाठी विंडोज सात-एक जीबी राखून ठेवतं ते वेगळं. मोठं अपडेट झालं की जुनं विंडोज दहा दिवस तसंच पडून राहतं. ‘डेटा डीवर टाका’ म्हणणारे विसरतात की आजचं सॉफ्टवेअर कुठे टाकू म्हणून विचारत नाही. ब्राउझर, मेल, व्हॉट्सअॅप, फोटो एडिटर सगळे आपली बिऱ्हाडं सी ड्राइव्हवरच्या युजर फोल्डरमध्ये थाटतात. दोन वर्षांत सी लाल होतो, आणि घरातल्या जाणत्या माणसाला दर महिन्याला झाडलोट करत बसावं लागतं. गेम खेळणाऱ्या घरात तर हा हिशेब पहिल्याच आठवड्यात कोसळतो. ‘स्टारफील्ड’च्या किमान गरजांतच एसएसडी आणि १२५ जीबी जागा लिहिली आहे, ‘बाल्डर्स गेट ३’ ला एसएसडी हवा आणि १५० जीबी. कोटेशनमधली १ टीबीची हार्ड डिस्क ज्या मोठ्या फाइलींसाठी घेतली म्हणायचं, त्याच फाइलींनी हार्ड डिस्कवर राहायला नकार दिला आहे.

भरलेला एसएसडी नुसता गैरसोयीचा नसतो, तो मंदही होतो, आणि यामागची यंत्रणा समजून घेण्यासारखी आहे. फ्लॅशवर लिहायचं तर पान पान लिहिता येतं, पण पुसायचं तर शेकडो पानांचा अख्खा ब्लॉकच पुसावा लागतो. त्यामुळे ड्राइव्ह मोकळ्या वेळात चालू मजकूर एकीकडे गोळा करून जुने ब्लॉक रिकामे करत बसतो. मोकळी जागा मुबलक असेल तर हे काम आपल्या नकळत होतं. जागा संपत आली की तेच काम आपल्या कामाच्या आड येतं. शिवाय आजचे ड्राइव्ह एका पेशीत तीन बिट ठेवतात, ते टीएलसी, किंवा चार ठेवतात, ते क्यूएलसी. असं दाटीवाटीने लिहिणं सावकाश चालतं. म्हणून मोकळ्या जागेचा काही भाग ते पेशीत एकच बिट ठेवून झपाट्याने लिहायला वापरतात आणि नंतर सवडीने आवरून ठेवतात. घरी पाहुणे आले की सामान आधी ओसरीवर टाकायचं आणि मागाहून कोठीत लावायचं, तसं. पण ओसरी मोकळी असेल तर! इंटेलच्या ६६०पी या क्यूएलसी ड्राइव्हच्या ५१२ जीबीच्या आवृत्तीत ही ओसरी ड्राइव्ह रिकामा असताना ७६ जीबीची होती, भरत आल्यावर फक्त ६ जीबीची. ती संपली की लिहिण्याचा वेग शंभर एमबीच्या घरात, म्हणजे बऱ्या हार्ड डिस्कपेक्षा खाली. आणि खोक्यावरचा आकडा अर्थातच ओसरीचा. नाव तेच ठेवून आकार लहान केला तरी वेग घटतो, कारण आत समांतर काम करणाऱ्या चिप कमी होतात: ९७० इव्हो प्लसचा १ टीबी ड्राइव्ह ३,३०० एमबीने लिहितो, २५० जीबीचा २,३०० ने. ‘लहान पण वेगवान’ हे शब्द एसएसडीच्या बाबतीत एकमेकांशी भांडतात.

इथे एक जुनी भीती आड येते: सगळं एसएसडीवर टाकलं तर तो झिजेल, म्हणून टेम्प आणि पेज फाइल हार्ड डिस्कवर हलवा, डाउनलोड तिकडे करा, वगैरे. १ टीबीच्या ९७० इव्हो प्लसला कंपनी ६०० टेराबाइट लिहिण्याची हमी देते. घरच्या पीसीत रोज ३० जीबी लिहिलं जातं असं धरलं, आणि हे पुष्कळच झालं, तर हमी संपायला वीस हजार दिवस लागतात. चोपन्न वर्षं! ‘टेक रिपोर्ट’ने २०१३ ते २०१५ मध्ये सहा एसएसडींवर ते मरेपर्यंत लिहीत राहण्याचा प्रयोग केला. सगळे २४० ते २५६ जीबीचे होते आणि एकूण एक ७०० टेराबाइटांच्या पुढे टिकले, शेवटचा २.४ पेटाबाइटांवर गेला. ते बहुतेक जुन्या दोन-बिटी फ्लॅशचे होते, तेव्हा आजच्या क्यूएलसीला तो निकाल जसाच्या तसा लावता येणार नाही हे मान्य. पण टीएलसीच्या हमीचा वरचा हिशेब त्या प्रयोगाच्या आधाराशिवायही उभा राहतो. शिवाय २५० जीबीच्या ९७० इव्हो प्लसची हमी १५० टेराबाइटांचीच आहे. झिजेची धास्ती असणाऱ्याने खरं तर मोठा ड्राइव्ह घ्यायला हवा. पेज फाइल हार्ड डिस्कवर हलवणं म्हणजे सेकंदाला तेरा हजार खेपा घालणारं पोरगं घरी बसवून ऐंशी खेपा घालणाऱ्या आजोबांना पिटाळणं.

‘विंडोज वेगळ्या ड्राइव्हवर असलं की बरं, बिघडलं तर फॉरमॅट मारता येतो, डेटा सुरक्षित राहतो.’ हा आक्षेप सर्वांत जास्त ऐकू येतो आणि त्यात निम्मं तथ्य आहे. विंडोज नव्याने टाकायची वेळ आली तर डेटा वेगळा असणं सोयीचंच. पण ही सोय एकाच ड्राइव्हचे सी आणि डी असे दोन भाग पाडूनही मिळते. उरलेलं निम्मं धोकादायक आहे, कारण ‘वेगळा’ आणि ‘सुरक्षित’ हे दोन शब्द त्यात एक करून टाकले आहेत. त्याच कॅबिनेटमधल्या, त्याच एसएमपीएसवर चालणाऱ्या हार्ड डिस्कवर लग्नाच्या फोटोंची एकुलती एक प्रत असेल तर ती सुरक्षित कशी? भारनियमनाच्या दिवसांत वीज जाते-येते तेव्हा दोन्ही ड्राइव्ह तो धक्का बरोबरच खातात. बॅकब्लेझ ही अमेरिकी कंपनी आपल्या सर्व्हरमधल्या बूट ड्राइव्हांच्या बिघाडाचे आकडे वर्षानुवर्षं जाहीर करते. त्यांच्याकडे एसएसडी वर्षाला शंभरात एखादाच जातो, आणि त्याच कामाला लावलेल्या हार्ड डिस्कांचा बिघाड पाचव्या वर्षी एसएसडीच्या बराच वर चढलेला दिसला. म्हणजे ज्या तबकडीच्या भरवशावर फोटो ठेवायचे म्हणतात, तीच दोघांत कच्ची. आणि शंभरातला तो एखादा आपला असला तर? एसएसडी मरताना बहुधा खरखरही करत नाही. त्यामुळे डेटाला वाचवते ती दुसरी प्रत, पीसीबाहेरची. छायाचित्रकार पीटर क्रोग यांच्या नावाने ओळखला जाणारा ३-२-१ चा नियम, तीन प्रती, दोन प्रकारची माध्यमं, एक प्रत घराबाहेर, कोटेशनच्या कागदावर कुठेच नसतो. कारण त्यात दुकानदाराला जोडायला काही नसतं.

‘आज नसेल, पण उद्या लागेल’ असं म्हणणारेही आहेत, आणि त्यांचा मुद्दा हसण्यावारी नेण्यासारखा नाही. सोनीने २०२० मध्ये प्लेस्टेशन ५ काढला तो सेकंदाला साडेपाच जीबी वाचणारा एसएसडी घेऊन, आणि मायक्रोसॉफ्टने २०२२ मध्ये डायरेक्टस्टोरेज पीसीवर आणलं. गेम हजारो तुकडे एकदम मागू लागले, तर वर सांगितलेलं एकेकट्या खेपेचं गणित बदलतं हे खरं. पण डायरेक्टस्टोरेज वापरणारा पीसीवरचा पहिला गेम ‘फोरस्पोकन’ बनवणाऱ्यांनी स्वतःच जे वेळ दाखवले होते ते पाहा. एक दृश्य उघडायला हार्ड डिस्कवर वीस सेकंदांच्या वर, साटा एसएसडीवर चारच्या आत, एनव्हीएमईवर दोनच्या आसपास. सलग वेगात साटा आणि एनव्हीएमई यांच्यात सहा ते तेरा पटींचं अंतर; पडद्यावर ते दोन सेकंदांचं उरलं. साध्या एनव्हीएमई ड्राइव्हने ते दोन सेकंद जरूर वाचवावेत. त्याच्या पुढे, दुप्पट वेगाच्या ड्राइव्हने त्यातून आणखी किती कापायचं? उद्यासाठी पैसे राखायचे असतील तर खिशात राखावेत. चांगला ड्राइव्ह लागेल त्या दिवशी एका स्क्रूवर बसवता येतो.

एका माणसापुढे मात्र माझा हा युक्तिवाद थांबतो: मोठमोठ्या व्हिडिओ फाइलींवर रोज काम करणारा. त्याला सलग वेग लागतो, आणि त्याने तो घ्यावाच. पण तो कामाचा ड्राइव्ह म्हणून, बूट ड्राइव्ह म्हणून नव्हे. आणि फुटेज गिगाबिट लॅनवरून येणार असेल तर सेकंदाला १२५ एमबीच्या पुढे ते येणार नाही, हेही ध्यानात ठेवून. बाकीच्यांना जेन फाइव्हचा मोह उलट महागातच पडतो. पहिल्या पिढीतले हे ड्राइव्ह भर कामात दहा वॅटच्या आसपास घेतात आणि हीटसिंकशिवाय तापून स्वतःच वेग उतरवतात. मे महिन्यात नागपूर-चंद्रपूरकडे खोलीतच चाळिशीच्या पुढे पारा असतो, तिथल्या कॅबिनेटमध्ये काय होईल ते वेगळं सांगायला नको. शिवाय इंटेलच्या बाराव्या ते चौदाव्या पिढीच्या डेस्कटॉप प्रोसेसरांकडे जेन फाइव्हच्या सोळाच लेन आहेत, त्याही ग्राफिक कार्डासाठी. त्या बोर्डांवरचा जेन फाइव्हचा एम.२ स्लॉट भरला की ग्राफिक कार्डाच्या सोळातल्या आठ जातात.

एवढं सगळं म्हटल्यावर कोणी विचारेल, मग साटाच का नको? एम.२ स्लॉट नसलेल्या जुन्या पीसीत साटाच घ्यावा, निःशंकपणे. हार्ड डिस्क काढून तो लावला की त्या पीसीचं आयुष्य वाढतं. नव्या बोर्डावर मात्र साटाची बाजू लंगडी पडते, आणि त्याचं कारण वेगात नाही. कोणता मजकूर कुठे ठेवला याचा नकाशा एसएसडीला सतत लागतो. महाग ड्राइव्ह त्यासाठी स्वतःची डीरॅम चिप बाळगतात, स्वस्तातले नाही. एनव्हीएमई १.२ पासून अशा बिनडीरॅमच्या ड्राइव्हला पीसीच्या रॅममधले थोडे एमबी उसने घेण्याची मुभा मिळाली, आणि विंडोज १० ने २०१७ पासून ती दिली. साटाला ही सोय नाही. म्हणून बिनडीरॅमचा एनव्हीएमई ड्राइव्ह घरच्या बूट ड्राइव्हचं काम नीट करतो. बिनडीरॅमचा साटा अडखळतो. खरेदी करताना जपायचं ते वेगळ्याच गोष्टीला. २०२१ मध्ये क्रूशियलच्या पी२ या ड्राइव्हमध्ये नाव न बदलता टीएलसीच्या जागी क्यूएलसी फ्लॅश आली आणि ओसरी संपल्यावरचा लिहिण्याचा वेग पार घसरला. त्याच वर्षी डब्ल्यूडीच्या एसएन५५० मधलीही फ्लॅश बदलली. तेव्हा जुन्या परीक्षणावर डोळे मिटून विसंबू नये. तक्त्यात टीएलसी लिहिलंय का, पाच वर्षांची वॉरंटी आहे का, १ टीबीला ६०० टेराबाइटांच्या आसपास लिहिण्याची हमी आहे का, एवढं पाहावं. या तीन प्रश्नांची उत्तरं खोक्याच्या पुढच्या बाजूला नसतात.

२०२५ च्या अखेरीपासून रॅम आणि फ्लॅश दोन्ही महागल्या आहेत, त्यामुळे एका जागी उधळलेला रुपया दुसऱ्या जागी तोडावाच लागतो. दुकानदारावर माझा राग नाही. गिऱ्हाईक जे मागतं ते तो लिहितो. तेव्हा कोटेशन हातात आलं की ती ओळ खोडा आणि तिथे स्वतःच्या अक्षरात लिहून द्या: ‘एक टीबी एनव्हीएमई, टीएलसी, पाच वर्षं वॉरंटी. जेन थ्री असला तरी चालेल.’ आणि हार्ड डिस्क हवीच असेल तर कॅबिनेटच्या आत बसवू नका. बाहेरची, यूएसबीची घ्या. रविवारी लावायची, फोटो-कागदपत्रं उतरवायची, आणि काढून कपाटात ठेवून द्यायची.